दादर टीटी आणि साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

मावशीच्या इमारतीत परवा रीडेव्हलपमेंटची तिसरी मीटिंग झाली. दादर पूर्वेची, हिंदू कॉलनीच्या बाजूची ही तीन मजली इमारत. गच्चीच्या कठड्याखाली सिमेंटच्या उठावदार अक्षरांत नाव आणि त्याखाली १९३८ हे साल. गच्चीवरच पडदा लावून बिल्डरच्या माणसाने टॉवरची चित्रे दाखवली, चहा-समोसे झाले आणि मग नेहमीचे भांडण सुरू झाले. एका बाजूला दोघे-तिघे, त्यातला एक आर्किटेक्चरचा विद्यार्थी. तो म्हणाला, ‘ही आर्ट डेको आहे, म्हणजे त्या काळची गोलाईदार शैली; पाडलीत तर पुन्हा होणार नाही.’ दुसऱ्या बाजूला बाकी सगळे, आणि त्यांच्या वतीने दुसऱ्या मजल्यावरच्या काकू: ‘तुझ्या आर्ट डेकोला सांग, रोज माझे गुडघे वर नेऊन दे म्हणावं.’ सगळे हसले आणि वाद तिथेच संपला. खरे तर तो सुरूच झाला नव्हता.

गेली कित्येक वर्षे दादर, माटुंगा, पारसी कॉलनी यांच्याबद्दल चाललेली चर्चा याच दोन वाक्यांत मावते. वारसावाले बाल्कनीच्या वळणाबद्दल बोलतात, रहिवासी लिफ्टबद्दल बोलतात, आणि दोघांचेही डोळे इमारतीवरच खिळलेले असतात. माझे म्हणणे असे, की या वस्तीत सर्वांत मोलाची गोष्ट इमारतींच्या मधे आहे. रस्त्याची रुंदी, प्लॉटच्या कडेने सोडलेली मोकळी पट्टी, समोरच्याच्या उंचीशी बांधून ठेवलेला आपला उजेड, आणि दारातून निघून पाच-सात मिनिटांत वाहनापर्यंत पोचवणारे चालण्याचे माप. भिंती बदलायच्या तर खुशाल बदला. हे माप मोडले तर ते कितीही एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) ओतून परत येणार नाही. आणि आजचे नियम भिंतींवर आपल्याला हवे तितके भांडू देतात, मापाबद्दल कोणी विचारतच नाही.

हे माप आले कुठून? ‘दादर टीटी’ हे नाव आपण दिवसातून दहादा घेतो. बसचा कंडक्टर ‘टीटी, टीटी’ ओरडतो, टॅक्सीवाल्याला ‘टीटीला सोड’ म्हटले की पुरते. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे मात्र आज पस्तिशीच्या आतल्या किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली, कुलाब्याहून पायधुणीपर्यंत. विजेवरची ट्राम मे १९०७ मध्ये आली, दुमजली ट्राम १९२० मध्ये. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून सुटली आणि दादरला येऊन थांबली. म्हणजे शहरातल्या ट्रामचा अखेरचा प्रवास याच वस्तीच्या दाराशी संपला. पुढे नाव उरले, रूळ डांबराखाली गेले. फ्लोरा फाउंटनजवळ काही वर्षांपूर्वी खोदकामात ते उघडे पडले तेव्हा लोक गर्दी करून बघत होते, जणू काही मोहेंजोदडोच सापडले.

वस्तीचा जन्म मात्र ट्रामच्या हौसेतून झाला नाही. तो प्लेगातून झाला. १८९६ मध्ये मांडवीत गाठीचा प्लेग आला. तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. हवा आणि उजेड नसलेल्या कोंदट खोल्यांमध्ये रोग पोसतो असा तेव्हाचा समज होता. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला, शेती आणि सखल जमिनीवर नवी वस्ती आखायची, असे त्याचे दुहेरी काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही पहिली बाजू. दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना ही दुसरी. जमीन घेतली, भराव टाकला, रस्ते आखले, गटारे टाकली, बागांच्या जागा राखल्या आणि मगच प्लॉट भाडेपट्ट्याने द्यायला काढले. रस्ते आधी, घरे नंतर. मुंबईच्या इतिहासात हा क्रम किती वेळा पाळला गेला, हे बोटांवर मोजून पाहा. अंधेरीपासून डोंबिवलीपर्यंत आपण नेमके उलटे केले आणि अजून त्याची किंमत देतो आहोत.

या ट्रस्टचा जे. पी. ऑर नावाचा अध्यक्ष होता. आयसीएस अधिकारी, साहेबी थाटाचा, गरिबांच्या वस्त्या पाडण्यात फारसा न कचरणारा. त्याच्याबद्दल मला विशेष प्रेम नाही. पण त्याने एक नियम लावून धरला, ज्याचे ऋण त्या गल्ल्यांत राहणारा प्रत्येक माणूस आजही वापरतो आहे: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या पायापासून बाहेरच्या दिशेने आडव्या रेषेशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून एक रेष काढा. समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. शाळकरी त्रिकोणमितीत सांगायचे तर समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त नको. समोर साठ फुटांची इमारत असेल तर मधे तीस फूट आकाश. तळमजल्यावरच्या माणसालाही थोडे आभाळ दिसले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. आता जरा कल्पना करा: एका सरकारी अधिकाऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी उजेडाला अंशात मोजले आणि तो भाडेकरूचा हक्क मानला. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हा आकडा लक्षात ठेवा.

ट्रस्टच्या साहेबांच्या डोळ्यांपुढे इंग्लंडच्या उपनगरांतली टुमदार, बागेसह घरे होती. मुंबईच्या मध्यमवर्गाने त्यांचे स्वप्न शांतपणे बाजूला ठेवले. सुरुवातीला तर प्लॉटच कोणी घेईना, कारण फोर्टातल्या कचेरीपासून माटुंगा म्हणजे जवळजवळ परगाव. वाहतूक आली, महायुद्ध संपले, तेव्हा १९२० आणि १९३० च्या दशकांत माणसे आली, आणि त्यांनी बंगले न बांधता तीन मजली फ्लॅटच्या इमारती बांधल्या. मुंबईच्या मराठीत फ्लॅटला ‘ब्लॉक’ म्हणायची पद्धत पडली ती याच काळातली. ‘मुलाचा दादरला ब्लॉक आहे’ या एका वाक्यावर किती लग्ने जमली असतील! ब्लॉकमध्ये नवे होते ते काय? स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःची मोरी, आणि सर्वांत मोठी क्रांती म्हणजे घरातच संडास. चाळीतून आलेल्या माणसाला हे सुख होते आणि सोवळेओवळे पाळणाऱ्याला अडचण. म्हणून कितीतरी इमारतींच्या मागच्या अंगाला तो गोल लोखंडी जिना दिसतो. सफाई कामगाराने घरातून न जाता संडासापर्यंत पोचावे यासाठी तो होता. स्थापत्यावर लिहिणारे पुढच्या बाल्कनीचे फोटो काढतात. मला या वस्तीचा खरा इतिहास त्या मागच्या जिन्यात जास्त दिसतो.

पुढची बाजू सुंदर आहे, यात वाद नाही. सिमेंट काँक्रीट स्वस्त आणि सवयीचे झाले तसे कोपऱ्यावरच्या इमारतींना गोलाई आली, खिडक्यांवर भुवईसारखे लांब छज्जे आले, जिन्याच्या उभ्या काचा आल्या, लोखंडी जाळ्यांत उगवता सूर्य आणि लाटा आल्या. पण नीट पाहिले तर ही सगळी नक्षी रस्त्याने घालून दिलेल्या शिस्तीत बसते. गोलाई आहे कारण कोपरा मोकळा आहे. छज्जा शोभतो कारण मधे पंधरा पावले अंतर आणि एक झाड आहे. पारसी कॉलनीत तर मंचरजी एदलजी जोशी या स्थापत्य अभियंत्याने ट्रस्टकडून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले, रस्त्यारस्त्याला वेगळी झाडे लावून घेतली, आणि मुंबईतल्या इतर पारसी बागांना असते तशी भिंत या वस्तीभोवती घातली नाही. फाइव्ह गार्डन्समध्ये संध्याकाळी कोण येते ते बघा. माटुंग्याचे अय्यर, नायगावचे कामगार, रुइयाची मुले, वडाळ्याच्या आजीबाई. भिंत नसली की काय होते, ते तिथे बाकावर बसून कळते.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. दादर-माटुंगा हे बोस्टन किंवा लॉस एंजेलिससारखे निव्वळ ट्रामचे उपनगर नव्हते. दोन्ही रेल्वे जवळ होत्या, पुढे हार्बर मार्गही आला, आणि १९२६ पासून बसही धावू लागली. शिवाय अमेरिकेत जमिनीचा मालक आणि ट्रामचा मालक बहुधा एकच असे, इथे रस्ते सरकारी ट्रस्टचे आणि ट्राम खासगी कंपनीची. तरीही ट्रामने जे केले ते रेल्वेला जमत नाही. रेल्वे वस्तीच्या कडेने जाते आणि एका ठिकाणी माणसांचा लोंढा ओतते. ट्राम वस्तीच्या पोटातून जाते. आजचा डॉ. आंबेडकर रस्ता, तेव्हाचा व्हिन्सेंट रोड, इतका रुंद का आहे? मोटारी तेव्हा कितीशा होत्या! रुळांना जागा देऊन दोन्ही बाजूंना गाड्या-माणसे चालतील, इतका तो रुंद ठेवला होता. गल्ल्या त्याला काटकोनात येऊन मिळतात, म्हणजे कोणत्याही दारापासून थांबा चालत गाठता यावा. ब्लॉक घेणाऱ्या कारकुनाला, प्राध्यापकाला, डॉक्टरला गाडी घ्यावी लागली नाही. म्हणून प्लॉटमध्ये गाडी उभी करायची जागा नाही. म्हणूनच तळमजल्यावर माणसे राहतात, अंगणात तुळस आणि चाफा आहे. सगळे एकमेकांत अडकलेले आहे. ट्राम काढून घेतली १९६४ मध्ये, आणि या रचनेतली ती एक खुंटी निखळली. परिणाम दिसायला पन्नास वर्षे लागली.

आता रहिवाशांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता, पण त्या पैशात मालकाने छत दुरुस्त करावे ही अपेक्षा विनोदी होती. १९६९ च्या कायद्याने सेस (दुरुस्तीसाठीचा कर) लावून सरकारी दुरुस्ती मंडळ आणले. त्या मंडळाने किती इमारती वाचवल्या आणि कितींना नुसते लोखंडी टेकू लावून ठेवले, ते जुन्या मुंबईत एक फेरी मारली की दिसते. मावशीच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात पातेली मांडावी लागतात. सळई गंजून फुगली की काँक्रीटचे पोपडे पडतात, आणि १९३० च्या दशकातल्या समुद्राकाठच्या काँक्रीटला हा रोग हमखास जडतो. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, देशात पहिली. पण तिचा साचा फोर्टमधल्या सार्वजनिक इमारतींचा. त्या साच्यात भाडेकरूंनी भरलेली सेस इमारत बसवली की काय होते? मालकाला फायदा नाही म्हणून तो हात वर करतो, भाडेकरूला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात आणि पैसा कोणीच देत नाही. २०१२ मध्ये विस्तारित वारसा यादीत शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी ही नावे आली तेव्हा मराठी मध्यमवर्ग खवळला, तो उगाच नाही. ‘आमच्या डोक्यावर छप्पर पडतंय आणि तुम्ही त्याला दर्जा देताय’ हा राग मला समजतो. घराला ‘सुंदर’ म्हणून मान देणारा आणि दुरुस्तीचा खर्च दुसऱ्यावर टाकणारा वारसाप्रेमी हा फुकटचा पाहुणाच.

पण या रागातून जो निष्कर्ष काढला जातो तो पटत नाही. छप्पर गळते म्हणून नवी इमारत हवी, हे ठीक. नवी इमारत हवी म्हणून रस्त्याची शिस्त मोडली पाहिजे, हे त्यातून कुठे निघते? काकूंच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी आहे. त्यांच्या गुडघ्यांनी चार मजली पार्किंग कधीच मागितले नव्हते. या दोन गोष्टी एकाच पॅकेजमध्ये बांधून विकल्या जातात आणि पॅकेजला नाही म्हटले की तुम्ही म्हाताऱ्यांचे शत्रू ठरता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो पुरोगामी मित्रांकडून येतो. कसला वारसा? गोऱ्या साहेबाच्या ट्रस्टने गरिबांची घरे पाडली, त्यांची पुरती सोय केली नाही आणि रिकाम्या जागेवर जातीजातींच्या, धर्माधर्माच्या कॉलन्या वसवल्या. नावेच पाहा: हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी. मागचा जिना मीच वर सांगितला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि एक गोष्ट त्यात जोडतो. याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या, बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीतल्या लहानशा खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. तिथून १९३० च्या दशकात ते हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहायला आले, ग्रंथांना जागा पुरावी म्हणून. एकाच ट्रस्टच्या दोन टोकांच्या रचना, आणि एका माणसाने दोन्हींत काढलेले आयुष्य. जात विचारणाऱ्या वस्तीत उजेड, शांतता आणि पुस्तकांना भिंती मिळतात, हे त्यांनी ओळखले आणि ते सरळ जाऊन घेतले. उजेड सवर्णांना मिळाला हा अन्याय असेल, तर त्यावर उपाय उजेड काढून घेणे हा असतो की तो वाटणे? बीआयटी चाळींना साडेत्रेसष्ट अंशांचा हक्क मिळावा यासाठी आपण भांडलो असतो तर ते न्यायाचे झाले असते. आज चाळीच्या जागी टॉवर येतो तेव्हा चाळीतल्या माणसाला टॉवरच्या मागे, विक्रीच्या इमारतीच्या सावलीत, दाटीवाटीने उभी केलेली ‘रिहॅब’ इमारत मिळते. अंशांची भाषा तिथे कोण बोलतो?

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर तीन मजली घरे ठेवणे ही या शहरात चैन आहे. कोट्यवधींच्या शहरात माणसे विरार-बदलापूरहून लोंबकळत येतात आणि दादरमध्ये आपण चाफ्याच्या झाडांची काळजी करतो. हा मुद्दा बिनतोड वाटतो. मलाही बरीच वर्षे वाटत असे. मग मी परिसरात उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरांखालून चालायला लागलो. खालचे चार-पाच मजले पार्किंग. त्याच्या वर व्यायामशाळा, त्याच्या वर माणसे. तीन मजली इमारतीत एका ब्लॉकमध्ये पाच-सहा माणसे राहत. वरच्या विक्रीच्या फ्लॅटमध्ये दोन माणसे आणि दोन गाड्या. मजले वाढले म्हणजे माणसे तितक्याच पटीत वाढली, हे गृहीत कोणी तपासले आहे का? सेस इमारतींच्या पुनर्विकासाला तीन आणि त्याहून जास्त एफएसआय मिळतो, आणि नियमाने लागणारे पार्किंग त्या हिशेबात धरले जात नाही. म्हणजे घरासाठी वापरलेल्या प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब, आणि गाडीसाठी वापरलेला फुकट. दाटी वाढवायची तर माणसांची वाढवा. दादरसारख्या ठिकाणी, जिथे दोन रेल्वे एकत्र येतात, तिथे गाडीला घर बांधून देणे ही चैन. चाफा परवडतो.

आणि आता तो साडेत्रेसष्टचा आकडा. लहान प्लॉटवर उंच इमारत बांधायची तर बाजूचे मोकळे अंतर नियमाइतके सुटत नाही. मग काय करतात? आयुक्तांच्या अधिकारात ती ‘तूट’ माफ होते आणि त्यासाठी प्रीमियम भरून घेतला जातो. ऑरने जो उजेड अंशात मोजला तो आपण रुपयांत मोजतो. ज्याचा उजेड गेला तो शेजारच्या इमारतीत, आणि ज्याला प्रीमियम मिळाला ती महापालिका. शेजाऱ्याला त्या व्यवहारात कोणी विचारले? वसाहतवादी सरकारच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्या लोकशाहीत हा प्रश्न विचारायलाही जागा नाही, हे मला जरा लाजिरवाणे वाटते.

वस्ती बदलते म्हणून कोणी रडू नये, यासाठी बोस्टनच्या शेजारच्या ब्रुकलाइन गावाचे उदाहरण उपयोगी पडते. तिथे हेन्री व्हिटनी नावाच्या धंदेवाल्याने बीकन स्ट्रीटच्या बाजूची जमीन घेतली, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराकडून तो रस्ता एकशेसाठ फूट रुंद आखून घेतला, आणि १८८९ मध्ये त्यावर विजेची ट्राम सोडली. हेतू शुद्ध नफ्याचा, त्यात लोककल्याण शोधू नका. पुढे तिथे फ्लॅटच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, माणसे वाढली, भाषा बदलल्या. रस्ता आणि मधली ट्राम जागेवर राहिली, आजही धावते. म्हणून तिथली दाटी रस्ता पचवू शकला. उलट कोलकात्यात पहा. १९०२ पासून विजेवर धावणाऱ्या ट्रामला दशकानुदशके उपाशी ठेवले, मग ‘ती हळू चालते, वाहतूक अडवते’ म्हणून २०२४ मध्ये एक छोटा वारसामार्ग सोडून बाकीची बंद करण्याची घोषणा झाली. मुंबईनेही १९६४ मध्ये हेच म्हटले होते. ट्राम तेव्हा खरेच हळू, तोट्यातली आणि गर्दीत अडकणारी झाली होती, तिची मयत काढणारे मूर्ख नव्हते. पण रुळांवरून मोकळी झालेली जागा कोणाला मिळाली, ते पाहा. बसला स्वतंत्र पट्टा मिळाला नाही. ती सगळी जागा मोटारींनी घेतली, आणि मोटारींना तीही पुरेना तेव्हा आंबेडकर रस्त्यावर उड्डाणपूल चढले. बोरीबंदरसमोर भाटिया बागेत आता शोभेची एक ट्राम उभी आहे. ती कोलकात्याहून आणावी लागली. आपली जपून ठेवायचेसुद्धा आपल्याला सुचले नव्हते.

मग करायचे काय? ट्राम परत आणा असे मी म्हणत नाही. तसे म्हटले की लोक कौतुकाने हसतात आणि विषय बदलतात. माझी मागणी कंटाळवाणी आहे. दादर-माटुंग्याच्या ट्रस्टने आखलेल्या भागात इमारतीला वारसा दर्जा देण्याऐवजी आराखड्याला द्या. रस्त्याच्या बाजूची मोकळी पट्टी, म्हणजे जिथे आज अंगण आणि झाडे आहेत, ती कोणत्याही प्रीमियमने विकता येणार नाही असा नियम करा. तळमजल्यावर माणूस, दुकान किंवा दवाखाना असलाच पाहिजे, पोडियमची, म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्यांची, मुकी भिंत चालणार नाही. स्टेशनपासून चालण्याच्या अंतरात पार्किंगची सक्ती काढून टाका, आणि जे बांधतील त्यांचे एफएसआयमध्ये मोजा. त्या बदल्यात सहा-सात मजले, लिफ्ट, भाडेकरूला मालकी हक्काचे घर, सगळे द्या. उरलेला एफएसआय टीडीआर (दुसऱ्या जागी वापरायला विकता येणारा बांधकामाचा हक्क) म्हणून बाहेर जाऊ द्या, आणि त्याचा पैसा फक्त मालकाच्या खिशात न जाता दुरुस्ती करू इच्छिणाऱ्या इमारतींसाठी ठेवा. आणि आंबेडकर रस्त्यावर बसला तिचा पट्टा द्या, जो ट्रामला होता. यातली एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. यातली एकही बिल्डरच्या पडद्यावर दिसत नाही, हे वेगळे.

कोणी म्हणेल, सहा-सात मजल्यांत बिल्डरला परवडत नाही. खरे आहे, आजच्या हिशेबात नाही परवडत. पण तो हिशेब आकाशातून पडलेला नाही. प्रीमियम, पार्किंग, मंजुऱ्यांना लागणारी वर्षे आणि त्या वर्षांचे व्याज, यांनी तो फुगवला आहे. १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली तेव्हा मध्ये बिल्डरच नव्हता. आज भाडेकरूंनी स्वतः पुनर्विकास करावा असे सरकारच अधूनमधून म्हणते. म्हणणाऱ्यांनी बँकेचे कर्ज आणि परवानग्या सोप्या करून दाखवल्या तर या गल्ल्यांत पुन्हा कारकून आणि प्राध्यापक मिळून इमारती बांधताना दिसतील. नाहीतर हे सगळे भाषणापुरते.

माटुंग्याच्या उड्डाणपुलाखालची जागा आता बागेची आहे. रहिवाशांनीच लावून धरल्यामुळे तिथे पार्किंगऐवजी नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणे घेत जाणारी पायवाट झाली. पूर्वी ट्राम धावत असे त्याच रस्त्याच्या मध्यभागी, वरून गाड्या धडधडत असताना, संध्याकाळी शेकडो माणसे फिरतात. मावशीही जाते. मीटिंगनंतर आम्ही दोघे तिथूनच परतत होतो. ती म्हणाली, ‘टॉवर झाला की इथवर उतरायचं कसं, पार्किंगच्या गाड्यांमधून?’ मी सांगितले की चौथ्या मीटिंगला मी येणार आहे, आणि एकच कागद मागणार आहे: तळमजल्याचा नकाशा, त्यात शेजारच्या इमारतीपर्यंतचे अंतर फुटांत लिहिलेले. पहिल्या तीन मीटिंगांत बाविसाव्या मजल्यावरून दिसणारा समुद्र दाखवून झाला आहे.